दारापाशी उभी असलेली लिओकादिया

शोधचिठ्ठी
पुस्तकाचं नाव: लिओकादिया
लेखक: माहीत नाही
साल: १९३१ किंवा त्याआधीचं
मागणारी व्यक्ती: ओब्दुलिया पेद्रोसो
वय: सदुसष्ट
कशासाठी हवं: शेवट

शेवटच्या रकान्यात वाचनालयातल्या निएवेसने आधी ‘वाचनासाठी’ असं लिहिलं होतं. सगळ्याच चिठ्ठ्यांवर ती तेच लिहायची. पण ओब्दुलियामावशींना वाचता यायला लागल्यापासून त्यांच्यासमोर काही लिहायची सोय उरली नव्हती. त्यांनी मान तिरकी करून ते वाचलं आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या,

“हे खोड. वाचायला ढीगभर पुस्तकं पडलीत. मला शेवट हवाय.”

निएवेसने खोडलं.

मंगळवारचा अक्षरवर्ग वाचनालयाच्या बालविभागात भरायचा, कारण दुसरी जागाच नव्हती. टँपा शहरातल्या इबोर वस्तीतली आठ-दहा म्हातारी माणसं गुडघे छातीशी घेऊन बुटक्या खुर्च्यांवर बसायची आणि शाळा सुटून आलेली पोरं त्यांच्या खांद्यावरून डोकावून चुका काढायची. त्या दिवशी ओब्दुलियामावशींनी वर्गाचं शेवटचं पुस्तक, एका उद्धट गाढवाची गोष्ट, एकही शब्द न अडखळता वाचून संपवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मावशींनी गाढव बाजूला सारलं आणि विचारलं, “झालं ना? मग आता माझं पुस्तक आण.”

“कुठलं?”

“ज्याच्यासाठी अकरा महिने या खुर्चीवर कंबर मोडून घेतली ते.”

निएवेसला इतके दिवस वाटत होतं की मावशी नातवंडांना पत्रं लिहायला शिकतायत. तसं ती म्हणालीही.

“नातवंडांकडे फोन आहे,” मावशी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. एकतीस साली त्या चोविसाच्या होत्या आणि कारखान्यात सिगार वळायच्या. तीनशे माणसं रांगांनी मान खाली घालून वळत बसलेली, आणि मधोमध उंच माच्यावर खुर्ची टाकून बसलेले सेन्योर एवारिस्तो लामाद्रिद. ते वाचणारे. सकाळी वर्तमानपत्रं, दुपारी कादंबरी. माच्यावरचा माणूस मालकाचा नव्हता, कामगारांचा होता. काय वाचायचं तेही कामगारच मत टाकून ठरवायचे. एखादा भाग आवडला की पान कापायचं अर्धचंद्री पातं टेबलावर आपटायचं. नाही आवडला तर पातं जमिनीवर टाकायचं. त्या ऑगस्टात मतदान होऊन ‘लिओकादिया’ सुरू झाली.

“आई मरते. मरताना पोरीच्या हातात लाल लाखेची मोहोर लावलेलं पत्र देते. म्हणते, काडिझच्या बंदरात अमुक माणूस आहे, त्याच्याच हातात द्यायचं. पोरगी निघते. जहाज काय, तुरुंग काय, तो मेला मीठवाला काय! त्र्याऐंशी दिवस वाचलं त्यांनी. त्र्याऐंशी दिवसांनी ती त्या माणसाच्या दारात पोचते. तीनदा ठोठावते. आत पावलं वाजतात.” मावशी थांबल्या.

“मग?”

“मग बुधवारचे साडेतीन झाले. गुरुवारी सुट्टी. शुक्रवारी गेलो तर माचा नाही. मालकांनी रातोरात तोडून सरपण केलं होतं. म्हणे, वाचणारे तुमच्या डोक्यात संपाचं भरवतात. चार दिवस आम्ही खरंच संप केला, मग भूक लागली, मग परत गेलो. माच्याच्या जागी रेडिओ ठेवला होता. त्याच्यावर साबणाची गाणी.”

“आणि त्रेचाळीस वर्षांत तुम्ही ते पुस्तक कधी शोधलं नाहीत?”

“शोधून काय करू? चाटू? वाचता येत नव्हतं. नवऱ्याला यायचं. म्हणायचा, आणतो, वाचून दाखवतो. गेला तोवर बेसबॉलच्या पानापलीकडे गेला नाही.” मावशींनी पर्स बंद केली. “तिला दारात उभी करून मी मरणार नाही. शोध, पोरी.”

निएवेस किन्तानालची आईही सिगार वळायची, दुसऱ्या कारखान्यात. घरी मात्र तिने त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पोरीचं इंग्रजी बिघडेल म्हणून. निएवेसला चौतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं की वाचता न येणाऱ्या त्या बायका तिच्याहून जास्त कादंबऱ्या कोळून प्यालेल्या होत्या. तिच्या टेबलावर एक यादी पडली होती. सप्टेंबरात स्पॅनिश भाषकांचा एक सप्ताह साजरा व्हायचा होता, त्यासाठी मुख्य ग्रंथपाल बाईंनी मागवलेली: ‘आपल्या लोकांची वीस पुस्तकं, वय वर्षं सहा ते नव्वद’. एकोणीस झाली होती. निएवेसने विसावा आकडा लिहिला, त्यापुढे ‘लिओकादिया’ लिहिलं आणि शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

*

आलेली उत्तरं

मायामीहून: या नावाचं पुस्तक आमच्या संग्रहात नाही. नाव नीट तपासून घ्यावं.

न्यूयॉर्कहून: या नावाच्या एका संत स्त्रीचं चरित्र आहे. पाठवू का? (निएवेसने मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, “संत? माझी लिओकादिया दिवस छत्तीसला जेलरला चावली होती.”)

माद्रिदहून, पाच आठवड्यांनी, सुंदर कागदावर: आमच्या सूचीत १८७० ते १९३५ या काळात असं पुस्तक छापलं गेल्याची नोंद आढळत नाही. आपल्या जिज्ञासेबद्दल आभार.

हवानाहून: काही नाही. हवानाला पत्र टाकणं म्हणजे विहिरीत खडा टाकून कान लावून बसणं.

मुख्य ग्रंथपाल बाईंकडून, तोंडी: विसावं कुठाय? (“येतंय,” निएवेस म्हणाली.)

*

जुन्या सिगार कामगारांच्या मंडळाच्या कँटीनमध्ये, दुपारी, डॉमिनोच्या टेबलाशी. उपस्थित: सिरियाको, वय शहात्तर, आधी खलाशी, मग सिगार वळणारा. निनो स्पोतो, वय एकाहत्तर, सिसिलीचा. स्पॅनिश कारखान्यात ऐकून शिकलेला. निएवेस, हातात वही.

सिरियाको: ‘लिओकादिया’? असं कसं मिळत नाही? मी डोळ्यांनी पाहिलंय पुस्तक. निळं कव्हर. वर सोनेरी अक्षरं. हा एवढा जाड.

निएवेस: लेखक कोण, आठवतं?

निनो: पाद्री होता. धर्म सोडलेला.

सिरियाको: विधवा होती ती! गॅलिसियाची. पाद्र्याला मीठवाल्याचं एवढं कसं माहीत असेल?

निनो: आणि विधवेला तुरुंगाचं?

सिरियाको: माझी सासू विधवा होती. तिला सगळं माहीत होतं.

निएवेस: काका, पुस्तक छापील होतं, नक्की? हाताने लिहिलेलं वगैरे नव्हतं?

(दोघेही डॉमिनो खाली ठेवतात. शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा वळून बघतो.)

सिरियाको: ऐकलंस का निनो, पोरगी काय विचारते? अगं, माच्यावरून जे वाचलं जायचं ते छापलेलंच असायचं. आणि सेन्योर लामाद्रिद! दुसरे वाचणारे मधली पानं गाळायचे, स्वतःची मिरची लावायचे. या माणसाने आयुष्यात पदरचं एक अक्षर घातलं नाही. स्वल्पविराम असेल तिथेच श्वास घ्यायचा.

निनो: खोकलासुद्धा परिच्छेद संपल्यावर.

सिरियाको: एक मात्र होतं. ज्याने कोणी ते पुस्तक लिहिलं ना, त्याने जन्मात होडीसुद्धा पाहिली नसणार. वादळात त्याने उलट्या बाजूची शिडं उभी केली होती. मी मोठ्याने हसलो, तर सेन्योर माझ्याकडे असे बघायला लागले की बस! दुसऱ्या दिवशी जहाज एकदम बंदराला लागलेलं. मी म्हटलं, बरं झालं, लेखक सुधारला.

निएवेसच्या वहीत त्या दिवशी एवढीच नोंद आहे: “दुसऱ्या दिवशी लेखक सुधारला??”

*

लामाद्रिद आडनावाचं एकच दार नदीपलीकडच्या वेस्ट टँपात उरलं होतं. त्यावर पाटी होती, ‘कपडे घट्ट-सैल करून मिळतील’. आत वाचणाऱ्यांची मुलगी कासिल्दा, साठीची, तोंडात टाचण्या धरून एका नवरीच्या झग्याला टीप घालत होती. निएवेसने सगळं सांगितलं. वाचनालय, यादी, त्र्याऐंशी दिवस, दार.

कासिल्दाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. त्याला बराच वेळ लागला.

“तुम्हाला कोणी पाठवलं?”

“कोणी नाही. म्हणजे, ओब्दुलिया पेद्रोसोंनी. त्यांना शेवट हवाय.”

“बाबांना पण हवा होता,” कासिल्दा म्हणाली आणि उठून आत गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात जाड, निळ्या कव्हरचं पुस्तक होतं. वरची सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली. निएवेसने ते घेऊन उजेडाकडे धरलं आणि नाव वाचलं.

कोंबड्यांचे रोग व त्यांवरील उपाय.

“आमच्याकडे एकही कोंबडी नव्हती,” कासिल्दा म्हणाली. “पण जाडी बरोबर होती.”

आत, कोंबड्यांच्या पोटदुखीच्या प्रकरणात, शाळकरी वही दडवलेली होती.

मग कासिल्दा बोलली. टीप घालत घालत, मान वर न करता. मतदानाला तीन पुस्तकं मांडायची रीत होती. दोन एवारिस्तोंच्या कपाटात होती. तिसरं सुचेना, म्हणून त्यांनी हवानाच्या वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून दाखवली: लिओकादिया, एका मुलीची आणि एका मोहोरबंद पत्राची हृदयद्रावक कथा, दोन खंडांत, लवकरच प्रसिद्ध होत आहे. न पाहिलेल्या पुस्तकाला कोण मत देणार, असा त्यांचा अंदाज. दोनशे बावीस मतं पडली.

“आणि पुस्तक?”

“निघालंच नाही. प्रकाशक बुडाला की पळाला, देव जाणे. बाबांनी मागणी पाठवली होती, दर बोटीला बंदरावर जायचे. सोमवारी वाचन सुरू व्हायचं होतं. मत म्हणजे मत.”

“मग लोकांना सांगायचं ना सरळ, की पुस्तक आलं नाही.”

कासिल्दाने प्रथमच मान वर केली. “तीनशे लोकांना? हातात पाती घेऊन बसलेल्या?”

निएवेसला हसू आलं आणि ते तिने गिळलं, कारण कासिल्दा हसत नव्हती.

“त्यांना वाटलं, आठवडाभर ताणू, तोवर येईल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, येऊ नये. सकाळी ट्रामने जाताना लिहायचे, दुपारी कोंबड्यांच्या पुस्तकात धरून वाचायचे. पानं वेळेवर उलटायचे. घरात आईला आणि मलाच माहीत होतं. माचा गेल्यावर बेकरीत लागले, पाव पोचवायला. नऊ वर्षं जगले. त्या नऊ वर्षांत घरात एक ओळ मोठ्याने वाचली नाही त्यांनी.” तिने दोरा दाताने तोडला. “एक अक्षर पदरचं घालत नाही, हीच त्यांची सगळी कमाई होती. आता तुम्ही जाऊन सांगणार, सगळंच पदरचं होतं म्हणून.”

“मी काय सांगणार, मला अजून ठाऊक नाही,” निएवेस म्हणाली. ते खरं होतं.

कासिल्दाने वही परत घेऊन बराच वेळ मांडीवर ठेवली. मग कोंबड्यांसकट निएवेसच्या हातात दिली. “न्या. पण कोण काय म्हणालं ते मला येऊन सांगायचं. वाईट असलं तरी.”

*

वहीतून

दिवस १. आईचा मृत्यू. पत्र. लाल लाख. पाती वाजली, पण सवयीने.

दिवस ६. वादळ. मला समुद्रातलं काही कळत नाही. सिरियाको हसला. उद्या जमिनीवर उतरवणे.

दिवस १९. मीठवाला लग्नाची मागणी घालतो. सगळी टेबलं वाजली. खिडकीजवळची, वेणीवाली: नाही.

दिवस २०. मीठवाल्याला दुष्ट केला. (चेहरा आमच्या मुकादमाचा दिला.) कडकडाट. वेणीवाली: नाही.

दिवस ३३. तुरुंग. बायका रडल्या. निनो रडला. वेणीवाली: नाही. खाली बघून पान कापत होती.

दिवस ४१. आज काहीही सुचलं नव्हतं. बंदरावरच्या खाणावळीतलं जेवण अर्धा तास सांगितलं. आजवरची सर्वांत मोठी दाद. लोकांना भूक लागली होती. वेणीवाली: नाही.

दिवस ५८. मीठवाल्याला मारला. वेणीवालीने वर पाहिलं! शिंक होती.

दिवस ७०. दोनशे नव्याण्णव लोकांना आवडतं आहे. तिला काय हवं आहे?

दिवस ८३. दार. तीन टकटक. पावलं. इथे थांबलो. शुक्रवारी दार उघडावंच लागेल. कोण उघडतं? एक, तो माणूस. दोन, त्याची बायको. तीन, कोणीच नाही. पावलं शेजारच्या घरातली. तिन्ही लिहून पाहिली, तिन्ही खोटी वाटतात. शुक्रवारी वाचनाआधी खाली उतरून वेणीवालीलाच विचारायचं. जी कशालाच भुलत नाही तिला ठाऊक असणार.

त्यापुढची पानं कोरी.

*

चार दिवस ती वही निएवेसच्या पिशवीत होती. घरी-दारी, बसमध्ये, पाव-लोणी खाताना.

तिने एक शेवट लिहूनही पाहिला. तिसऱ्या पर्यायाचा. कोणीच नाही, लिओकादिया पायरीवर बसते, सूर्य मावळतो. वाचून तिला स्वतःचीच लाज वाटली. एवारिस्तोंनी त्र्याऐंशी दिवसांत एकदाही सूर्य मावळवला नव्हता.

मग वाटलं, सांगावं की पुस्तक होतं, जळलं, सापडत नाही. मावशी हळहळतील आणि दुसरं पुस्तक घेतील. पण मग नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला आपण वाचायला काय देतो? एक थाप. आणि मावशी थाप पकडणार. डोळ्यांनी नव्हे, कानांनी.

तिला खरं तर एकाच गोष्टीचं कुतूहल छळत होतं. ही वेणीवाली कोण? काय हवं होतं तिला? कुठल्या तरी म्हाताऱ्या घरात ती अजून असेल, की गेली असेल? त्या काळी निम्म्या बायकांना वेण्या होत्या.

मंगळवारी तिने वही आणि कोंबड्यांचं पुस्तक, दोन्ही बुटक्या टेबलावर ठेवलं आणि जे होतं ते सांगून टाकलं. जाहिरात, मतदान, न आलेली बोट, ट्राम.

ओब्दुलियामावशी ऐकत राहिल्या. ऐकताना त्या कुठेच हलत नाहीत, हे निएवेसच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. पापणीसुद्धा नाही.

“कोंबड्यांचे रोग,” त्या शेवटी म्हणाल्या.

“हो.”

“त्र्याऐंशी दिवस.”

“हो, मावशी.”

“लबाड!” मावशींनी टेबलावर एवढ्या जोराने थाप मारली की चित्रांची पुस्तकं वाचणारी पोरं दचकली. “मेला लबाड! आणि मी आपली म्हणायची, स्पेनमध्ये बसलेल्या लेखकाला आमच्या मुकादमाच्या नाकावरचा मस कसा दिसला!” आणि मग त्या हसायला लागल्या. बराच वेळ. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. निएवेसला ते हसू कुठे जाऊन पोचणार ते कळेना. ती पेल्यातून पाणी घेऊन आली, पण तोवर मावशींनी वही उघडली होती.

हाताचं अक्षर त्यांनी कधी वाचलं नव्हतं. वर्गात सगळं छापील. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली, आणि मोठ्याने सुरुवात केली, कारण मनात वाचणं त्यांना अजून जमत नव्हतं. सात वर्षांची लिसेत येऊन त्यांच्या खुर्चीला टेकली आणि अक्षर अडलं की सांगू लागली. “हे असंच वळतं, मावशी. याची शेपटी मागच्याला धरते.” हळूहळू बाकीची पोरंही सरकत आली. वादळ आलं. मीठवाला आला.

“खि-ड-की-जवळची,” मावशींनी वाचलं. “वे-णी-वाली. नाही.”

त्या थांबल्या. पुढचा दिवस वाचला. तेहतिसावा वाचला. अठ्ठावन्नावा वाचून म्हणाल्या, “ती शिंक तंबाखूच्या भुकटीची होती.”

निएवेस खुर्चीवरून अर्धवट उठली.

“खिडकीजवळ आम्ही तिघी बसायचो,” मावशी वहीकडेच बघत म्हणाल्या. “रोसालबाने केस कापले होते, सिनेमातल्यासारखे. थोरल्या काचितीचा अंबाडा. वेणी माझी होती. इथवर.” त्यांनी कमरेला हात लावला.

“तुम्हाला आवडत नव्हतं?” निएवेसच्या तोंडून निघून गेलं. “सगळे वाजवायचे आणि तुम्ही एकट्याच…”

“आवडत नव्हतं?” मावशींनी चष्मा काढला. “अगं बाई, पाती आपटली की खोलीत काही ऐकू यायचं का? तीनशे पाती! आणि तो माणूस थांबायचा नाही, वाचतच राहायचा. दोन-दोन, तीन-तीन वाक्यं हातची जायची. मी कशाला आपटू? मी तर रोसालबाचं मनगट धरून ठेवायची, म्हणायची, थांब गं मेले, पुढे काय झालं ते ऐकू दे.”

मावशींनी चष्मा पुसला, परत लावला आणि शेवटचं पान वाचलं. ते त्यांनी लिसेतच्या मदतीशिवाय वाचलं, त्यामुळे फार वेळ लागला.

“मला विचारणार होता,” त्या म्हणाल्या. आणि मग चिडून, निएवेसकडे वळून, जणू तो तिचाच दोष, “मला? दिवसभर वळून वळून बोटं काळी पडलेली, वाचता येत नाही, आणि शेवटही मीच सांगायचा? मग तो वर बसून करत काय होता?”

“मी त्यांच्या मुलीला सांगेन,” निएवेस म्हणाली. “की तुम्ही का वाजवत नव्हता ते.”

“तू नको. मी सांगेन. मला त्या पोरीशी बोलायचंय.” त्यांनी वही मिटली, परत उघडली. बोट शेवटच्या ओळीवर नेऊन ठेवलं. निएवेसच्या लक्षात आलं की मावशी जायला उठत नाहीयेत. त्रेचाळीस वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट अशी रिकामी हातात आली, तर माणूस काय करतो, हे तिला ठाऊक नव्हतं. मावशींनाही नसावं.

लिसेतला मात्र एकच काळजी होती. “पण दार कोणी उघडलं?”

“लिहिलं नाही इथे.”

“मग तुम्ही सांगा. तुम्हाला विचारा असं लिहिलंय.”

“गप्प बैस. विचार करू दे.”

पोरं गप्प बसली. मावशींनी डोळे मिटले. त्यांची बोटं टेबलावर काहीतरी करत होती. निएवेसने पाहिलं, ती जणू तंबाखूचं पान पसरत होती, दाबत होती, वळत होती. असं तीनदा झालं.

“बायको,” मावशी म्हणाल्या. “दार बायको उघडते. हात ओले आहेत, भांडी घासत होती. लिओकादिया काही बोलत नाही, पत्र पुढे करते. बायको हात झग्याला पुसते, पत्र घेते, उलटंपालटं करते. मोहोर बघते. मग म्हणते, नवरा तीन वर्षांपूर्वी वारला, आणि मला वाचता येत नाही. तूच वाच.”

“मग?”

“लिओकादिया म्हणते, मलाही येत नाही.”

निएवेसने दिवस एकपासूनच्या नोंदी मनातल्या मनात उलटल्या. पोरीला वाचता येतं असं एवारिस्तोंनी कुठेही लिहिलं नव्हतं. येत नाही असंही नव्हतं. त्र्याऐंशी दिवसांत ते कोणी विचारलं नव्हतं, ना वर बसलेल्याने, ना खाली बसलेल्यांनी.

“मग दोघी उंबऱ्यात उभ्या राहतात,” मावशी पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळा लागला होता. स्वल्पविरामाला श्वास घेणारा. “मग बायको म्हणते, आत ये, किती दिवस चालतेयस कोण जाणे. चुलीवर दूध ठेवते. कॉफी करते. कालचा पाव भाजते. शेजारी एक मास्तर राहतो, तो सहाला घरी येतो. पत्र मधे टेबलावर ठेवतात आणि दोघी त्याची वाट बघत बसतात.” त्यांनी डोळे उघडले. “संपलं.”

पोरांना ते पटलं की नाही, सांगता येत नव्हतं. लिसेत कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. पण प्रश्न निएवेसच्याच तोंडून निघाला, आणि निघाल्यावर तिला कळलं की ती टेबलावर दोन्ही कोपरं टेकून, त्या बुटक्या खुर्चीच्या अगदी टोकाला येऊन बसली आहे.

“पण मावशी, पत्रात काय होतं?”

“मला काय माहीत?” ओब्दुलियामावशी म्हणाल्या. “अजून सहा कुठे वाजलेत?”